जीर्णोद्धार : एका शब्दाचा इतिहास

हल्लीं महाराष्ट्रांतील कोणत्याही मध्यम वस्तीच्या गांवांत शिरलें, तर वेशीजवळ, पिंपळाच्या पारावर किंवा देवळाच्या दाराशीं एक फलक हटकून दृष्टीस पडतो. ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार योजिला आहे, भाविकांनीं सढळ हातानें साहाय्य करावें, अशा अर्थाचा तो मजकूर असतो. दोनचार वर्षांनीं त्याच वाटेनें पुन्हां जावें, तों फलकाच्या जागीं संगमरवरी पाटी आलेली असते, तीवर देणगीदारांचीं नांवें रकमांसह कोरलेलीं असतात, आणि जुनें देऊळ मात्र कोठेंच दिसत नाहीं. देऊळ गेलें आणि देवळाचा जीर्णोद्धार झाला, हीं दोन विधानें एकाच वेळीं खरीं ठरावीं यांत कोणास कांहीं विसंगति वाटत नाहीं. आम्हांस ती वाटते. ही विसंगति शब्दांतच आहे कीं आमच्या आचरणांत आहे, याचा शोध इतिहासाच्या आधारें घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शब्द सामासिक आहे. त्याचें पहिलें पद सोपें आहे. 'जॄ' या धातूपासून झालेलें 'जीर्ण' म्हणजे वयानें झिजलेलें, खिळखिळें झालेलें. न पचलेल्या अन्नाचें 'अजीर्ण' त्याच धातूचें, आणि अंगांत मुरलेला 'जीर्णज्वर'ही त्याच कुळांतला. दुसरें पद मात्र इतकें सरळ नाहीं. 'उद्' म्हणजे वर आणि 'हृ' म्हणजे नेणें. तेव्हां उद्धार म्हणजे वर उचलणें. चिखलांत रुतलेल्याला वर काढणें हा उद्धार खरा. पण वर काढणें म्हणजेच बाहेर काढणें, आणि बाहेर काढणें म्हणजे वेगळें करणें. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत, वडिलार्जित धनाची वांटणी करण्यापूर्वीं थोरल्या मुलासाठीं जो विसावा हिस्सा बाजूला काढावयाचा, त्याला 'उद्धार' असेंच नांव आहे. एखाद्या ग्रंथांतून उचलून घेतलेलें वचन तें 'उद्धृत'. वाण्याच्या वहींतला आपला 'उधार' हा शब्द देखील याच घराण्यांतला. संस्कृतांतला उद्धार प्राकृताच्या हातीं पडला आणि दुकानांत येऊन बसला. बोलण्यांत तर आपण याच्याही पुढें गेलों आहों. कोणी कोणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असें ऐकिलें, कीं त्या पिढ्यांना मोक्ष मिळाला असें आपण समजत नाहीं. शिव्या मिळाल्या असें समजतों.

तेव्हां 'जीर्णोद्धार' या समासाचा अर्थ दोन प्रकारांनीं लावतां येतो. जीर्ण झालेल्या वस्तूला उचलून धरणें, सांवरणें, हा एक प्रकार. आणि जें जीर्ण झालें तें उचलून बाहेर काढणें, हा दुसरा. पहिल्यांत जुनी वस्तु वांचते; दुसऱ्यांत ती जाते व तिच्या जागीं दुसरी येते.

हा दुसरा अर्थ आम्ही व्याकरणाच्या बळावर ओढूनताणून काढला, असें कोणी म्हणेल. त्यानें अग्निपुराणाचा सदुसष्टावा अध्याय पाहावा. त्या अध्यायाचा विषयच जीर्णोद्धार हा आहे. अतिशय जीर्ण किंवा भंगलेली मूर्ति ठेवूं नये, तिचा त्याग करावा, असें तो सांगतो. लांकडाची असेल तर अग्नींत जाळावी, दगडाची असेल तर पाण्यांत सोडावी, धातूची अथवा रत्नाची असेल तर अगाध जलांत किंवा समुद्रांत विसर्जन करावी. ती नेतांना वाहनांत ठेवावी, वस्त्रानें झांकावी, वाद्यें वाजवावीं. येथें डागडुजी नाहीं. येथें उत्तरक्रिया आहे. ज्या आदरानें आपण देह स्मशानांत नेतों, त्या आदरानें मूर्ति जलाशयाकडे न्यावयाची. मात्र लगेच एक अट येते, आणि ती अट आमच्या मतें या सर्व प्रकरणाचा कणा आहे. जुनी मूर्ति ज्या मापाची व ज्या द्रव्याची असेल, त्याच मापाची व त्याच द्रव्याची नवी मूर्ति त्याच दिवशीं स्थापावी. देह बदलावा, पण प्रमाण बदलूं नये, द्रव्य बदलूं नये, आणि मध्यें एक रात्रही रिकामी जाऊं नये. अध्यायाच्या अखेरीस विहिरी, पुष्करिणी व तळीं यांच्या जीर्णोद्धारालाही मोठें फल सांगितलें आहे. म्हणजे शास्त्रकारांच्या मनांत हा शब्द केवळ देव्हाऱ्यापुरता नव्हता.

मूर्तीचा विधि असा. वास्तूच्या बाबतींत मात्र शिलालेख व ताम्रपट निराळीच भाषा बोलतात. दक्षिणेकडील कित्येक दानपत्रांत 'खण्ड-स्फुटित-जीर्णोद्धार' असा ठराविक शब्दसमूह येतो. जें तुटलें असेल, जेथें तडा गेला असेल, जें झिजलें असेल, त्याच्या दुरुस्तीसाठीं अमुक जमिनीचें किंवा अमुक गांवाचें उत्पन्न तोडून दिलें आहे, असा त्याचा आशय. पूजा, नैवेद्य व दिवाबत्ती यांच्या जोडीलाच ही तरतूद असते. बौद्ध विहारांत याच कामाला 'नवकर्म' म्हणत, आणि तें पाहण्यास 'नवकर्मिक' नांवाचा भिक्षु नेमलेला असे. भारहुतच्या स्तूपाच्या एका स्तंभावर अशा एका नवकर्मिकाचें दान कोरलेलें आहे. आमच्या वाचकांनीं या तरतुदीचें मर्म ध्यानांत घ्यावें. ज्यांनीं ही दानें दिलीं, त्यांना देऊळ कधीं तरी पडेल आणि मग तें नव्यानें बांधावें लागेल असें अभिप्रेत नव्हतें. वर्षोवर्षीं तडा बुजवावा, ढासळलेला दगड बसवावा, छपराची गळती थांबवावी, म्हणजे तें पडणारच नाहीं, अशी त्यांची दृष्टि होती. जीर्णोद्धार हा त्यांच्या लेखीं समारंभ नव्हता. तो नित्य खर्चाचा एक रकाना होता.

सार्वजनिक बांधकामांत याच वृत्तीचें फार जुनें उदाहरण गिरनारच्या पायथ्याशीं जुनागडच्या शिळेवर आहे. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त यानें बांधविलेला, आणि अशोकाच्या काळीं तुषास्फानें पाट काढून पुरा केलेला सुदर्शन तलाव शके ७२ मध्यें, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, अतिवृष्टीनें फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेंच रुंद आणि ७५ हात खोल पडलें, असें लेख सांगतो. महाक्षत्रप रुद्रदामन् याच्या मंत्र्यांनीं तें पाहून हात टेकले. बांध पुन्हां होणार नाहीं म्हणून प्रजेनें आक्रोश मांडिला. शेवटीं सुविशाख नांवाच्या पह्लव अधिकाऱ्यानें काम तडीस नेलें. कर, वेठ किंवा नजराणे यांचा भार प्रजेवर न टाकतां स्वतःच्या खजिन्यांतून हा खर्च केला, असें रुद्रदामन् आवर्जून सांगतो, आणि आपण बांध पूर्वीहून तिप्पट भक्कम करून तलावाला सुदर्शनाहूनही अधिक सुदर्शन केलें, अशी नांवावरच कोटी करतो. तीनशें वर्षांनीं स्कंदगुप्ताच्या अमदानींत तोच बांध पुन्हां फुटला, तो चक्रपालितानें बांधविला, आणि त्याचाही वृत्तांत त्याच शिळेवर, अशोकाच्या धर्मलेखांच्या शेजारीं, खोदिला गेला. मागच्या राजाचीं अक्षरें घासून टाकावीं असें पुढच्या राजास वाटलें नाहीं. तलाव आज नाहीं, शिळा आहे.

याच सौराष्ट्रांत शत्रुंजय पर्वतावर जैनांनीं तर आपल्या तीर्थाच्या उद्धारांची क्रमवार मोजदादच ठेविली आहे. परंपरेनें ते सोळा मानतात. आरंभींचे पौराणिक आहेत ते सोडून देऊं; पण चौदावा कुमारपाल राजाचा मंत्री वाग्भट, ज्याला बाहड म्हणतात, त्याचा, विक्रम संवत् १२१३ चा; पंधरावा समरा शाहाचा, संवत् १३७१ चा; आणि सोळावा कर्मा शाहाचा, संवत् १५८७ चा. समरा शाहानें तो उद्धार खिलजी सुलतानाच्या गुजराथेंतील सुभेदाराची परवानगी काढून केला, हेंही तेथें लपविलेलें नाहीं. वाग्भटाच्या उद्धाराची कथा मोठी मार्मिक आहे. त्याचा पिता उदयन हा पर्वतावर पूजेस बसला असतां एक उंदीर दिव्याची जळती वात तोंडांत धरून बिळाकडे पळतांना त्यानें पाहिला. देऊळ लांकडी, एके दिवशीं तें भस्म होईल, या भयानें त्यानें तें पाषाणाचें करण्याचा संकल्प केला, आणि मुलानें तो पुरा केला. येथें अग्निपुराणाची द्रव्याची अट सरळ मोडली आहे. लांकूड जाऊन दगड आला आहे. परंतु ती कां मोडली याचें कारण कथेंत आहे, केव्हां मोडली याचें वर्ष यादींत आहे, आणि हें चौदाव्या वेळचें देऊळ आहे, पहिल्या वेळचें नव्हे, हें यात्रेकरूसही ठाऊक आहे. जीर्णोद्धारांत लपवाछपवी नसली, म्हणजे तोही इतिहासच होतो.

याच कसोटीला उतरणारें एक ठिकाण आमच्या अगदीं जवळ, गोमंतकांत आहे. सप्तकोटीश्वर हें गोव्याच्या कदंब राजांचें कुलदैवत. त्या देवाच्या कृपेनें वर लाभलेले, अशी बिरुदावली ते आपल्या सोन्याच्या नाण्यांवर मिरवीत. देवाचें मूळ स्थान मांडवींतील दिवाडी बेटावर नार्वे येथें होतें. चौदाव्या शतकांत बहामनी स्वारींत तें पडलें. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्यानें तें पुन्हां उभारलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं पुन्हां पाडिलें. लिंग विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामीं लाविलें होतें, असें सांगतात. पुढें भाविकांनीं तें गुप्तपणें नदीपार डिचोलीच्या बाजूस आणिलें, आणि जेथें आणिलें त्या जागेसही नार्वे हेंच नांव रूढ झालें. देवाबरोबर गांवाचें नांवही नदी ओलांडून आलें. १६६८ सालीं शिवाजी महाराज त्या प्रांतीं आले असतां त्यांनीं या देवाच्या मंदिराची आज्ञा केली. दरवाजावरील लेखांत शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी मिति आहे. ती १३ नोव्हेंबर १६६८ ला येते.

आतां या लेखांतील एका शब्दाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. आज जो तो या मंदिराविषयीं लिहितांना महाराजांनीं जीर्णोद्धार केला असें लिहितो, आणि व्यापक अर्थानें तें चूकही नाहीं. पण लेख खोदविणाऱ्यानें जीर्णोद्धार हा शब्द वापरला नाहीं. त्यानें लिहिलें : देवालयाचा 'प्रारंभ'. वास्तविक त्या प्रसंगीं जीर्णोद्धारासारखा भारदस्त शब्द हाताशीं होता, आणि तो वापरण्याचा अधिकारही कोणी नाकारला नसता. परंतु जुनें देऊळ नदीच्या पैलतीरीं जमीनदोस्त झालेलें. त्याचा दगडही येथें नाहीं. जुना आहे तो देव. देऊळ नवें आहे. म्हणून देवळाचा प्रारंभ. शब्दाचा एवढा काटेकोरपणा तीनशें साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या एका ओळींत आढळावा, याचें आम्हांस कौतुक वाटतें. घुमट, दीपमाळ आणि कौलारू सभामंडप असलेली ती वास्तु गोव्याच्या पुराणवस्तु खात्यानें अलीकडे दुरुस्त करून २०२३ सालीं पुन्हां उघडिली. त्या कामाला जीर्णोद्धार म्हणण्यास आमची हरकत नाहीं, कारण महाराजांच्या वेळीं आरंभिलेली वास्तु तेथें अजून उभी आहे.

पेशवाईंतील बांधकामांचा विस्तार येथें करीत नाहीं. नानासाहेबांनीं आरंभिलेलें त्र्यंबकेश्वर काय, अहिल्याबाईंनीं उभारलेलीं काशीविश्वेश्वर किंवा वेरूळचा घृष्णेश्वर काय, त्या काळच्या पुष्कळ जीर्णोद्धारांत जुन्याचा अंश थोडा व नव्याचा फार आहे. अहिल्याबाईंनीं १७८३ सालीं प्रभासपट्टणास सोमनाथाचें मंदिर बांधिलें, तें तर भग्न देवळाच्या जागेवर नव्हे, तिच्यापासून कांहीं अंतरावर, आणि लिंग तळघरांत ठेवून. पडक्यास हात न लावतां देवाची पूजा मात्र सुरू केली. त्या बाईंच्या व्यवहारज्ञानाबद्दल आजवर बरेंच लिहिलें गेलें आहे. त्यांत हें एक उदाहरण अवश्य घालावें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दानें देवळाचा उंबरठा ओलांडला. १८८३ सालीं जेम्स डग्लस नांवाच्या इंग्रजानें रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुर्दशेबद्दल खेद प्रकट केला. त्यानंतर सरकारनें तिच्या देखभालीस वर्षाला पांच रुपये मंजूर केले. एवढ्या रकमेंत गवतही नीट निघालें नसतें. टिळकांनीं 'केसरी'तून हा प्रश्न हातीं घेतला, १८९५ च्या मे महिन्यांत पुण्यास हिराबागेंत सभा भरली, फंड सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षीं गडावर उत्सव झाला. ही चळवळ समाधीच्या जीर्णोद्धाराची म्हणून ओळखिली गेली. जी वस्तु उचलावयाची ती आतां केवळ चौथरा नव्हता, एका राष्ट्राची स्मृति होती. आणि जिचा उद्धार व्हावयाचा ती समाधि कीं आपण, असा प्रश्न त्या काळच्या तरुणांस पडला असल्यास नवल नाहीं. दगडी काम मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत रेंगाळलें.

याच सुमारास समाजाच्या बाबतींतही तोच वाद पेटला होता. पुनरुज्जीवन पाहिजे कीं सुधारणा पाहिजे, असे दोन पक्ष पडले होते. १८९७ सालीं अमरावतीच्या सामाजिक परिषदेंत न्यायमूर्ति रानडे यांनीं पुनरुज्जीवनवाल्यांस एक साधा प्रश्न विचारिला : परत आणावयाचें तें कोणत्या काळचें? वेदकाळचें कीं स्मृतिकाळचें? बारा प्रकारचे पुत्र, आठ प्रकारचे विवाह, नियोग, ब्राह्मणांचें मांसाशन, यांपैकीं काय काय परत आणतां? मेलेलें तें मेलें, तें जसेंच्या तसें उठत नाहीं. जुन्याच द्रव्याची नव्या सजीव देहांत रचना करणें एवढेंच शक्य आहे, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ. रानड्यांच्या पुढें तेव्हां अग्निपुराण असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण द्रव्य तेंच आणि देह नवा, ही जीर्णोद्धाराची जुनी अट त्यांच्या विचारांत अचूक उतरली आहे.

इकडे सरकारी कचेरींत एक निराळीच कल्पना आकार घेत होती. युरोपांत या प्रश्नावर अर्धें शतक रणें माजली होतीं. फ्रान्सांत व्हिओले-ल-द्यूक हा, पूर्वीं कधींही नसेल इतकें पूर्ण रूप जुन्या वास्तूस देणें म्हणजे पुनःस्थापना, असें बिनदिक्कत मानीत होता. इंग्लंडांत रस्किननें १८४९ सालींच या प्रकारास विध्वंस ठरविलें होतें, आणि १८७७ त विल्यम मॉरिसनें तर त्याविरुद्ध एक मंडळीच स्थापिली. त्या वादांतील रस्किनपक्षाचें मत हिंदुस्थानांत १९०४ च्या प्राचीन-स्मारक-कायद्याबरोबर आणि सर जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या नियमपुस्तिकेबरोबर आलें. जें उरलें आहे तें आहे तसें टिकवावें, अनुमानानें नवें घडवूं नये, हें त्याचें सूत्र. पुराणवस्तु खात्याचे लोक यास 'जतन' म्हणतात. शब्द सुंदर आहे, आणि मराठीच्या अंगचा आहे. पण जीर्णोद्धारांत देव परत येतो, जतनांत दगड राहतो. या दोन शब्दांची गांठ एके दिवशीं पडणार हें ठरलेलेंच होतें.

ती पडली सोमनाथास. १३ नोव्हेंबर १९४७ रोजीं सरदार पटेल प्रभासपट्टणास गेले. बरोबर आमचे काकासाहेब गाडगीळ होते. (नार्वे येथील लेखाचीही इंग्रजी तारीख तीच असावी, हा केवळ योगायोग, पण आम्हांस तो नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.) त्या दिवशीं पुनर्निर्माणाची घोषणा झाली. महात्माजींनीं सरकारी तिजोरींतून पैसा न घेतां लोकांच्या वर्गणींतून तें व्हावें असें सांगितलें, आणि तसें विश्वस्त मंडळ झालें. पुराणवस्तु खात्याचें म्हणणें असें कीं, हे अवशेष बाराव्या शतकांतील मंदिराचे आहेत, ते संरक्षित स्मारक म्हणून राखावेत. पटेल व कन्हैयालाल मुनशी यांचें म्हणणें असें कीं, लोकांची भावना पडक्या भिंतींत नाहीं, देवाच्या पुनःस्थापनेंत आहे. दुसरा पक्ष जिंकला. १९५० सालीं भग्न वास्तु उतरविण्यांत आली, आणि ११ मे १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें, वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या पौरोहित्यानें, प्राणप्रतिष्ठा झाली. राष्ट्रपतींनीं तेथें जावें हें पंडित नेहरूंस रुचलें नव्हतें.

या प्रकरणीं कोणाची बाजू घ्यावी? परंपरेच्या दृष्टीनें पाहिलें तर मुनशींच्या बाजूला मोठा आधार आहे. प्रभास येथील भावबृहस्पतीचा ११६९ चा जो लेख आहे, त्यांत हें मंदिर प्रथम सोमानें सोन्याचें, मग रावणानें रुप्याचें, मग कृष्णानें लांकडाचें आणि मग भीमदेवानें पाषाणाचें केलें, आणि त्यापुढें कुमारपालाचें, असा क्रम दिला आहे. म्हणजे द्रव्य बदलत गेलें तरी सोमनाथ एकच, ही समजूत आठशें वर्षांपूर्वींही दृढ होती. उलट, जो कुमारपालाचा दगड मुसलमानी स्वाऱ्यांतून, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांतून आणि शतकांच्या उपेक्षेंतून वांचला होता, तो शेवटीं श्रद्धेच्या हातून उतरला, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि ती सलते. एक गोष्ट मात्र त्या प्रसंगीं उत्तम झाली, व तिचें श्रेय दोन्ही पक्षांस दिलें पाहिजे. त्या स्थळीं खात्याकडून उत्खनन झालें, एकाखालीं एक असलेल्या जुन्या देवळांचे थर मोजले गेले, आणि त्यांची हकीकत छापून प्रसिद्ध झाली. जें गेलें त्याची नोंद तरी राहिली.

गांवोगांवच्या जीर्णोद्धारांत हीच एक गोष्ट होत नाहीं. जांभ्या दगडाचें, सागवानी खांबांचें, कौलारू देऊळ कोंकणांत उतरवितात, आणि स्लॅब व चकचकीत फरशी यांचें उभें करितात. देशावर हेमाडपंती दगडावर रंगाचा थर चढतो, किंवा तो दगडच जोत्याच्या भरावांत जातो. वीरगळ पिंपळाखालीं जातात. त्यांतला एखादा पायरीचा दगड होतो. खांबावर एखादी ओळ कोरलेली होती काय, हें पाहण्यास कोणी थांबत नाहीं. हें सर्व अश्रद्धेनें होत नाहीं, हें आम्ही जाणतों. छप्पर गळत असतें, वाळवी लागलेली असते, जत्रेची गर्दी मावत नाहीं, चुन्याचें काम जाणणारा गवंडी पंचक्रोशींत उरलेला नसतो. खंड-स्फुटितासाठीं पूर्वजांनीं तोडून दिलेलें इनामाचें उत्पन्न आटून गेलेलें असतें, आणि गळती बुजविण्यास वर्गणी कोणी देत नाहीं. कारण बुजविलेल्या गळतीवर नांव कोरतां येत नाहीं. मग वास्तु पार मोडकळीस येईपर्यंत वाट पाहावयाची आणि मग एकदम मुंबईकरांचा पैसा गोळा करून सगळेंच नवें करावयाचें, हा क्रम ओघानेंच येतो. पण अशा कामास जीर्णोद्धार हा शब्द कोणत्या आधारानें लावावा? अग्निपुराणाचें माप येथें नाहीं, द्रव्य येथें नाहीं. शत्रुंजयाची मोजदाद नाहीं, सोमनाथाची नोंद नाहीं. संगमरवरी पाटीवर नार्वेच्या लेखांतला 'प्रारंभ' हा शब्द घातला, तर तो निदान खरा तरी होईल. आणि खरा शब्द समोर आला, म्हणजे उतरविण्यापूर्वीं जुन्या देवळाचें चित्र काढावें, मापें घ्यावीं, अक्षरांचे ठसे घ्यावेत, अशी कोणास बुद्धि होण्याचा संभव आहे.

अलीकडे वारा थोडा फिरल्याचीं चिन्हें दिसतात. २०२४ सालीं पंढरपुरास विठ्ठलमंदिराचें काम निघालें, तें नवें चढविण्याचें नव्हतें, चढलेलें उतरविण्याचें होतें. मागच्या पिढ्यांनीं मोठ्या भक्तीनें बसविलेल्या फरश्या काढून मूळ दगड उघडा करण्यांत आला. त्यासाठीं कित्येक आठवडे पदस्पर्शदर्शन बंद राहिलें, आणि काम चालू असतां एक तळघर सांपडून त्यांत जुन्या मूर्ति मिळाल्या. एका जीर्णोद्धाराच्या पोटांतून दुसरा जीर्णोद्धार निघाला. याच मंदिरांत चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून प्रसिद्ध असलेली शिळा आहे. शके ११९५ ते ११९९ या वर्षांत, रामचंद्रदेव यादवाच्या अमदानींत, ज्यांनीं विठ्ठलास दानें दिलीं त्यांचीं नांवें तीवर आहेत, आणि त्यांत हेमाद्रि पंडितही आहे. पुढें ती अक्षरें कोणास वाचतां येईनाशीं झालीं, तेव्हां या शिळेला पाठ घासली असतां चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत पसरली. शतकानुशतकें वारकऱ्यांच्या पाठींनीं त्या ओळी गुळगुळीत झाल्या. पण ज्या शिळेला पाठ घासावयाची, ती शिळा हलवावी, फोडावी किंवा पायरीला लावावी, असें इतक्या शतकांत कोणाच्याही मनांत आलें नाहीं.